काळी लोकर, मखमलीची पट्टी आणि याशिका

तुमच्या घरातला जुना अल्बम काढा आणि जरा वेगळ्या नजरेनं चाळा. बायका भरपूर सापडतील. ओटी भरताना, बारशाच्या पाळण्याशी, महाबळेश्वरच्या पॉइंटवर पदर सावरत उभ्या. आता विचारा, हे फोटो काढले कुणी? काकांनी, मामांनी, भावजींनी, नाहीतर स्टुडिओवाल्यांनी. आपण सगळ्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला उभी राहिलेली आई, मावशी किंवा आत्या तुमच्या आठवणीत आहे का? माझ्या तरी नाही.

आमच्या पिढीतल्या बऱ्याचजणींचा स्टुडिओशी पहिला संबंध आला तो ‘दाखवायच्या’ फोटोपुरता. मागे रंगवलेला पडदा, शेजारी प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आणि ‘उभा फोटो पाठवा’ असा मुलाकडच्यांचा निरोप. घरी कॅमेरा असलाच तर तो कपाटात वरच्या खणात, चामड्याच्या पाकिटात. त्याच्यासोबत एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘हात लावू नको, बिघडेल.’

म्हणूनच दीड वर्षापूर्वी मी बिघडलेलाच कॅमेरा विकत घेतला. आधीच बिघडलेल्याला काय बिघडवणार?

बाराशे रुपयांचा डबा

मी गडहिंग्लजला राहते. घरातच शिवणाचं आणि फॉल-पिकोचं काम करते. आमच्या भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला आणि मालकांच्या मुलानं सामान विकायला काढलं. दिवे, छत्र्या, तो रंगवलेला पडदासुद्धा. काचेच्या कपाटात एक जड, चांदीसारख्या रंगाचा कॅमेरा होता. वर नाव, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. मुलगा म्हणाला, “काकू, चालत नाही तो. शोसाठी ठेवायचा असेल तर न्या.” पंधराशे सांगितले, बाराशेला दिला. पैसे माझ्या भिशीचे, त्यामुळे घरात कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. ह्यांनी मात्र विचारलंच, “मोबाइलमध्ये कॅमेरा आहे की. हा डबा कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आमच्या आत्तींजवळ होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१. त्या गेली दोन वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या, “माजा एक बरा फोटू काडून ठेवा. उद्या हार घालायला काय आधार कार्डावरचा लावणार?” मोबाइलवर आम्ही त्यांचे शंभर फोटो काढले होते. नातवाच्या हातून तो फोन पाण्यात पडला आणि सगळे गेले. कॉपी कुठंच नव्हती. आत्तींनी एवढंच विचारलं, “म्हंजे आता मी कुटंच न्हाई?” ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. निगेटिव्ह मात्र हातात धरता येते, डब्यात ठेवता येते. आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह अजून ट्रंकेत आहेत.

ओळख करून घेतली

इलेक्ट्रो ३५ हे मॉडेल जपानच्या याशिका कंपनीनं १९६६ मध्ये बाजारात आणलं. माझ्याकडचं जीएसएन हे १९७३ पासूनचं. वजन पाऊण किलो. पुढं ४५ मिलिमीटरची, १.७ पर्यंत उघडणारी मोठी लेन्स. ती इतकी उघडते म्हणून घरातल्या कमी उजेडातही फ्लॅशशिवाय काम भागतं. याची गंमत अशी, की लेन्स किती उघडायची ते आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. साधा सौदा आहे. उजेड कमी तर वेळ जास्त, उजेड जास्त तर वेळ कमी. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून थेट ३० सेकंदांपर्यंत.

बटण अर्धं दाबलं की दिवा लागतो. पिवळा लागला तर समजायचं, ‘उजेड कमी आहे, हात हलेल, टेकवून धर.’ लाल लागला तर, ‘उजेड फार झाला, लेन्स आवळ.’ कुठलाच लागला नाही तर खुशाल काढ. वाटीनं पाणी मोजून भात लावणाऱ्या बाईला हे शिकवायला कोण कशाला लागतंय? ही भाषा आपल्याला अवघड वाटते ती फक्त कुणी सांगितलेली नसते म्हणून.

बंद पडलेला सेल आणि मिनामाता

हा कॅमेरा सेलशिवाय धड चालत नाही. सेल नसला तर शटर एकाच वेगानं, पाचशेव्या भागानं उघडतं. म्हणजे भर उन्हात कसंबसं काम होईल, घरात अंधार. मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा. तो आता मिळत नाही आणि मिळू नये हेच बरं. जपानमधल्या मिनामाता गावी एका कारखान्यानं पाऱ्याचं सांडपाणी समुद्राच्या खाडीत सोडलं. ते माशांत गेलं, मासे खाणाऱ्यांच्या अंगात गेलं. हातपाय वाकडे झालेली, जन्मतःच अपंग असलेली मुलं जगानं पाहिली. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि त्याच गावाच्या नावानं पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला. पाऱ्याचे सेल जगभरातून गेले ते अशा कारणांनी. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात असा सेल सापडला तर तो फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

माझ्या कॅमेऱ्यात सेल नव्हता, पण त्यानं मागं ठेवलेला हिरवट थर होता. खालचं झाकण नाण्यानं फिरवून उघडलं. इअरबडला दोन थेंब व्हिनेगर लावून थर हळूहळू पुसला. मग स्पिरिटनं स्वच्छ केलं आणि रात्रभर वाळवलं. पत्र्याचा पिवळा रंग दिसेपर्यंत बारा-पंधरा इअरबड गेले.

पाऱ्याच्या सेलऐवजी आता ६ व्होल्टचा ४एलआर४४ हा सेल चालतो. फरक थोडा आहे, तेवढा कॅमेरा सोसतो. अडचण एकच, नवा सेल बारीक आणि आखूड. जणू मोठ्या चुलतभावाचा शर्ट. तो अंगाबरोबर करणं हा तर माझा धंदाच. जाड कागदाची नळी करून सेल त्यात बसवला, उरलेल्या जागेत जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग टाकली, प्लस-मायनस नीट पाहून झाकण लावलं. पाठीमागचं छोटं बटण दाबलं आणि वर, फोटो मोजायच्या खिडकीत, हिरवा उजेड लागला. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. सगळे धावत आले, त्यांना वाटलं भाजलं!

शिवणाच्या डब्यातली दुरुस्ती

पुढचं काम बघून तर मला हसूच आलं. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला कडेनं खाचा असतात. त्यात काळा फोम भरलेला असतो, आत उजेडाचा एक किरणही जाऊ नये म्हणून. चाळीस-पन्नास वर्षांत त्या फोमचा डांबरासारखा चिकट गाळ होतो. तो तसाच राहिला तर फिल्मवर केशरी पट्टे उमटतात आणि त्याचे तुकडे आत पडले तर शटरला चिकटतात.

टूथपिक आणि स्पिरिट घेऊन मी दोन दुपारी तो गाळ काढला. घाई करायची नाही, कॅमेरा पालथा धरायचा, म्हणजे घाण आत न जाता खाली पडते. शटरच्या पात्यांना हात लावायचा नाही. खाचा स्वच्छ झाल्या. आता भरायचं काय? जगभर जुने कॅमेरे दुरुस्त करणारे लोक इथं काय वापरतात माहीत आहे? काळी लोकर! स्वेटर विणायची साधी लोकर. बिजागरीच्या बाजूला मखमलीची बारीक पट्टी. माझ्याकडं ब्लाउजच्या बॉर्डरचं काळं मखमल होतंच. लोकरीचा धागा खाचेत सुईच्या मागच्या टोकानं दाबत नेला, टोकांना गोंदाचा ठिपका तेवढा. झाकण बंद केलं तेव्हा ‘टक्’ असा घट्ट आवाज आला. हे काम करताना माझ्या मनात आलं, ‘हात लावू नको’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना खाचेत लोकर भरता आली असती?

“मिस्टरांचा कॅमेरा व्हय?”

रोल घालण्याआधी शटर तपासलं. ते असं तपासायचं. मागचं झाकण उघडं ठेवायचं, लेन्स पूर्ण उघडी. खिडकीकडं धरून बटण दाबायचं, क्षणात उघडझाप व्हायला हवी. मग पलंगाखालच्या अंधाराकडं धरून दाबायचं, शटर एक-दोन सेकंद उघडं राहायला हवं. माझं शटर उजेडात काय, अंधारात काय, सारखंच वागत होतं. म्हणजे दुखणं आत होतं आणि तिथं माझ्या शिवणाच्या डब्याचं काम नव्हतं.

चौकशी करत करत कोल्हापूरच्या एका जुन्या मेकॅनिकचा पत्ता मिळाला. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाणं परवडलं. आणि कोल्हापूर म्हणजे काय साधं गाव आहे? बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला तो याच गावात. त्याच्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. तेव्हा त्यांना कुणी ‘हात लावू नको’ म्हटलं असतं तर?

मेकॅनिककाका सत्तरीच्या पुढचे. कॅमेरा हातात घेऊन म्हणाले, “मिस्टरांचा कॅमेरा व्हय ताई?”

म्हटलं, “नाही काका, माझा.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मागचं झाकण उघडलं, लोकर बघितली. “हे कुणी केलंय?”

“मीच.”

“बरं हाय की हो काम!” म्हणाले आणि स्टूल पुढं सरकवलं. “बसा. बघा आता.”

त्यांनी रोल पुढं सरकवायचा खटका ओढला आणि कान लावला. “या जातीच्या कॅमेऱ्यात खटका ओढला की शेवटाला ‘खट’ वाजतंय. तुमच्यात वाजत न्हाई. आतलं रबर गेलंय.” वरचं कव्हर काढून त्यांनी दाखवलं. नखाएवढासुद्धा नसलेला एक रबराचा तुकडा, पार विरघळलेला. शटरचा वेळ ठरवणारी दांडी त्याच्यावर टेकते. तो झिजला की दांडीला टेकायला जागा नाही आणि सगळा हिशेब चुकतो. ज्यांच्याकडं हा कॅमेरा आहे ते लोक या तुकड्याला धसकून असतात. एवढी मोठी लेन्स, एवढी वीज आणि अडलंय कुठं, तर मुगाच्या डाळीएवढ्या रबरापाशी! घरातसुद्धा असंच असतं नाही का?

काकांनी चिमट्यानं जुनं रबर काढलं, नवं कापून बसवलं. रेंजफाइंडरच्या काचा पुसल्या. “याचे पार्ट आता येत न्हाईत ताई. कंपनीनं कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. एक मेलेला कॅमेरा फोडायचा आन् दुसऱ्याला जगवायचा, असं चाललंय.” याशिका १९८३ मध्ये क्योसेरा कंपनीकडं गेली आणि क्योसेरानं २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय बंद करायचं जाहीर केलं, त्याबद्दल ते बोलत होते. आठशे रुपये घेतले. निघताना मी खटका ओढला. ‘खट.’

एसटीत बसल्यावर मला होमाई व्यारावाला आठवल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं. पुढं साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला अडकवून त्यांनी स्वातंत्र्याचे, नेहरूंचे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. ‘मिस्टरांचा व्हय?’ हा प्रश्न त्यांनी किती वेळा ऐकला असेल!

छत्तीस फोटो

रोल ऑनलाइन मागवला, २०० स्पीडचा, ३६ फोटोंचा. किंमत साडेआठशे. धुवायचे आणि स्कॅन करायचे वेगळे. म्हणजे एका फोटोला तीस-पस्तीस रुपये पडतात. ह्यात फायदा कसला, असं कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. रोजच्या कामाला मोबाइलच बरा. पण एक बटण पस्तीस रुपयांचं आहे म्हटलं की माणूस दाबण्याआधी बघतो. समोरच्याकडं नीट, थांबून बघतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं असं शेवटचं कधी बघितलं होतं?

वहीत प्रत्येक फोटोचा नंबर, जागा आणि कुठला दिवा लागला ते लिहून ठेवलं. चारपाच फोटो मुद्दाम पिवळा दिवा लागलेला असताना काढले, काय होतं ते बघायला. मग एका सकाळी आत्तींना मधल्या दारात खुर्ची टाकून बसवलं. अंगणातला उजेड तोंडावर एका बाजूनं येत होता. हा कॅमेरा अडीच-तीन फुटांच्या आत स्पष्ट दिसत नाही, म्हणून खुर्चीपासून तेवढं अंतर मोजून उभी राहिले. खिडकीत आत्तींच्या चष्म्याच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या रिंग फिरवून एकावर एक आणायच्या. जुळल्या.

आत्ती ताठ बसल्या. “दात दिसायला नकोत गं. हाराखाली हसणारी बाई बरी दिसत न्हाई.” असं म्हणून स्वतःच हसल्या आणि मी बटण दाबलं.

मग म्हणाल्या, “आन ते हिकडं. मला बगू दे.” मी कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायला सांगितली. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. ८१ वर्षांत पहिल्यांदा त्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला आल्या होत्या. “तू मिशनीवर बस,” म्हणाल्या. मी बसले. ‘खट.’

पुण्याच्या लॅबमधून दहाएक दिवसांनी निगेटिव्ह आल्या. कुठंच केशरी पट्टा नव्हता, लोकरीनं काम केलं होतं. पिवळ्या दिव्याचे फोटो हलले होते, बाकीचे एकतीस स्वच्छ आले. आत्तींचा हसतानाचा फोटो मोठा करून घेतला. त्यांनी तो हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, “हाच लावा.” तो आत्ताच लावलाय, हाराशिवाय, त्यांच्या पलंगासमोर. त्यांनी काढलेला माझा फोटो जरा तिरका आहे. शिवणयंत्र पूर्ण दिसतंय, माझं डोकं थोडं कापलंय. पण काम करताना मी कशी दिसते ते मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर

• लेन्समधून उजेडाकडं बघा. जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर मेकॅनिक काढतो, काचेला खड्डे पडले असतील तर घेऊ नका.

• सेलचं झाकण उघडून बघा. हिरवट थर पुसता येतो, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर खर्च वाढतो.

• खटका ओढा, बटण दाबा, उजेडात आणि अंधारात शटर वेगळं वागतं का ते बघा. दुकानात जाताना सेल सोबत न्या.

• पाठीमागचा फोम चिकट असेल तर घाबरू नका, भाव करा. काळी लोकर आपल्याकडं असते.

• चामड्याच्या पाकिटात कॅमेरा ठेवू नका, पावसाळ्यात त्यातच बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढा, चालवा.

• शटरच्या पात्यांना बोट लावू नका आणि तेल तर अजिबात घालू नका. शिवणयंत्राचं तेल शिवणयंत्रालाच.

• पहिल्या रोलवर लग्नकार्य काढू नका. तो तपासणीचा रोल. प्रत्येक फोटोची नोंद ठेवा.

आणि कॅमेरा नको असेल तर नका घेऊ. पण माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात चामड्याच्या पाकिटात एखादा पडला असेल, तर तो या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात द्यायच्या आधी खाली काढा. झाकण उघडा. हात लावा.